चिकन बन वरून लाल, खालून कच्चा: एअर फ्रायरमध्ये नेमकं काय बिघडतं

वरून छान लालसर रंग आलेला दिसतो, म्हणून बन बाहेर काढायचा, मोडायचा, तर खालचा भाग चिकट आणि कच्चट. पुढच्या खेपेला तापमान वाढवलं की वरची बाजू करपते, तळ तसाच. वेळ वाढवली की कडेची शिवण उकलते, खिम्याचं पाणी जाळीतून खाली टपकतं आणि स्वयंपाकघरात धूर. चिकन भरलेले बन, पॅटीस, करंज्या एअर फ्रायरमध्ये करणाऱ्यांच्या तक्रारी याच तीन गोष्टींभोवती फिरतात. आणि बहुतेक जण उपाय शोधतात तो तापमानाच्या बटणात.

बटण तूर्त सोडा. बिघडलेला बन सुरीने मधोमध उभा कापा आणि ओल नेमकी कुठे आहे ते पाहा.

सारणाच्या बरोबर खाली चिकट थर आणि बाकीचा पाव हलका, कोरडा असेल तर सारणात पाणी जास्त होतं. तळाशी मधोमध, जिथे पारीची टोकं एकत्र आली तिथेच कच्च्या पिठाची गाठ असेल तर बन वळताना चुकलं. कडेसकट सगळाच पाव दाट आणि ओलसर असेल तर पीठ पुरेसं फुगलं नाही, किंवा रंगाला भुलून तो लवकर बाहेर काढला. आणि आतून सगळं व्यवस्थित, फक्त तळाचं साल लिबलिबीत असेल, तर बन भाजताना ओला झालेला नाही, ताटात ठेवल्यावर झाला आहे. सारण आणि पाव यांच्या मधे कागदाएवढा पातळ ओलसर पट्टा मात्र नेहमीच राहतो. तो काढायच्या नादाला लागू नका, बनाची खारी होईल.

सारणातलं पाणी

सगळ्यात जास्त भेटणारं दुखणं हेच आहे. कच्च्या चिकनच्या वजनात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं आणि कांद्यात त्याहूनही जास्त. चिकन तापायला लागलं की साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे तंतू जोरात आकसतात आणि आतलं पाणी बाहेर पिळून टाकतात. साधारण त्याच सुमारास मैद्यातला स्टार्च पाणी ओढून फुगायला आणि घट्ट व्हायला लागतो. म्हणजे पाव आकार धरत असतानाच त्याच्या तळाशी रस्सा साचतो. तो थर मग भाजला जात नाही, त्याची खळ होते. जोवर तिथे मोकळं पाणी आहे तोवर तो भाग १०० अंशांच्या वर जाणार नाही आणि खरपूस रंग यायला साधारण १४० अंश तरी लागतात. मशीनवर २०० चा आकडा दिसत असला तरी त्या थराला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून झटपट होणाऱ्या पाककृतींमध्ये कच्चा खिमा मसाला लावून थेट पारीत भरायला सांगतात, ते मला मान्य नाही. चव बिघडते हा एक भाग झाला. चिकन आतपर्यंत ७४ अंशांना पोचलं पाहिजे, आणि पावाच्या जाड आवरणात ते तिथवर पोचेपर्यंत वरचा रंग कधीच पुढे निघून गेलेला असतो. रंग बघून चिकन शिजलंय की नाही हे ठरवणं एरवीही भरवशाचं नसतं, हळद-तिखट लावलेल्या खिम्यात तर ते अशक्यच.

आठ बनांसाठी ३०० ग्रॅम चिकन खिमा आणि एक मोठा कांदा पुरतो. पसरट कढई घ्या, आच मोठी ठेवा, झाकण मुळीच ठेवू नका. मीठ कांद्यातच घालून टाका. अनेकांना वाटतं की मीठ उशिरा घातलं म्हणजे पाणी सुटणार नाही. पण पाणी आज ना उद्या सुटणारच आहे. कढईत सुटलेलं आटवता येतं, बनाच्या पोटात सुटलेल्याचं काही करता येत नाही. आलं-लसूण, हिरवी मिरची, धने-जिरे, गरम मसाला हे नेहमीप्रमाणे. टोमॅटो नको. आंबटपणा हवा असेल तर आमचूर घाला, किंवा सारण गार झाल्यावर थोडं लिंबू. कोथिंबीर धुतल्याबरोबर चिरून घालू नका, फडक्यावर कोरडी होऊ द्या. मूठभर ओल्या कोथिंबिरीतूनही सहज चमचाभर पाणी येतं.

खिमा झाला की नाही हे पाहायला तो कढईत एका बाजूला सारा, कढई जराशी तिरकी करा आणि अर्धा मिनिट थांबा. रिकाम्या बाजूला पाणी उतरलं तर परतणं संपलेलं नाही. तेल उतरलं तर ठीक, ते चमच्याने काढून टाका.

इथे हमखास प्रश्न येतो: इतका कोरडा केला तर खिमा भुश्शासारखा लागणार नाही का? ब्रेस्टचा असेल तर लागतो. त्यामुळे शक्य असेल तर खाटकाकडून थायचा खिमा करून घ्या, त्यात चरबी जास्त असते आणि तो परतून कोरडा झाला तरी मऊ राहतो. दुसरी युक्ती आपल्या डब्यातलीच आहे. पंढरपुरी डाळ्याचं पीठ, ३०० ग्रॅम खिम्याला एक सपाट मोठा चमचा, शेवटच्या दोन मिनिटांत घालून परता. उरलीसुरली ओल ते धरून ठेवतं, त्यामुळे ती खाताना तोंडात येते, भाजताना तळाला जात नाही. डाळं नसेल तर भाजलेलं बेसन किंवा अर्धा उकडलेला बटाटा चालतो. बटाट्याने चव जरा सौम्य होते, मुलांसाठी बरी.

उकडून तंतू काढलेलं चिकन आणि मेयोनीज हे सारण हल्ली फार दिसतं. सँडविचमध्ये ते उत्तम, भाजायच्या पदार्थात नाही. मेयोनीज तापलं की फुटतं आणि त्यातलं तेल शिवणीतून वाट काढतं. मलईदारपणाच हवा असेल तर एक चमचा लोणी, एक चमचा मैदा आणि साधारण १०० मिली दूध यांचा घट्ट पांढरा सॉस करून त्यात चिकन कालवा. तो गार झाला की चमचा उभा राहील इतका घट्ट होतो आणि भरायलाही सोपा जातो. चीजचंही तसंच आहे. किसलेलं मोझरेला सहज वितळून पळतं. घरात मिळणाऱ्या प्रोसेस्ड चीजचा छोटा तुकडा फ्रीझरमध्ये कडक करून सारणाच्या मधोमध दडवला तर तो जागेवर राहतो.

आणि सारण गार करा. कोमट नव्हे, गार. पातेल्यात झाकून ठेवलं तर झाकणाची वाफ परत आत पडते, सगळी मेहनत वाया. ताटात पसरून ठेवा, वाफ गेली की फ्रीजमध्ये. आदल्या रात्री करून ठेवलेलं सारण सगळ्यात चांगलं वागतं.

उष्णता वरून येते

बेकरीतल्या भट्टीत पत्रा तापलेल्या जमिनीवर सरकवतात. तळ आधी भाजतो, वरचा रंग मागाहून येतो. म्हणून इराणी बेकरीतल्या खिमा पॅटीसचा तळ कडक असतो. एअर फ्रायरमध्ये कॉइल आणि पंखा दोन्ही डोक्यावर असतात. फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या इफा या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात आपला एअर फ्रायर आणला तो मुख्यतः कमी तेलातल्या बटाट्याच्या फ्राइजची जाहिरात करत. फ्राइज मधूनमधून हलवता येतात, त्यामुळे उष्णता वरून आली तरी बिघडत नाही. बन मात्र जिथे ठेवाल तिथे बसून राहतो.

म्हणून ओव्हनची पाककृती असेल तर तापमान १५ ते २० अंशांनी कमी करा. यीस्टच्या बनाला १६० अंश पुरे. मशीन रिकामं तीन-चार मिनिटं तापवा, बन ठेवा, सात-आठ मिनिटांनी वरची बाजू फिकट सोनेरी झाली की उलटा करा आणि तळ वर ठेवून तीन-चार मिनिटं द्या. तळ कच्चा राहण्यावर याहून सोपा उपाय नाही, तरी पाककृतींमध्ये तो क्वचितच लिहिलेला असतो, बहुधा वरच्या बाजूला जाळीचे वळ उमटतात आणि फोटो बिघडतो म्हणून. दूध किंवा अंडं लावायचं असेल तर आधीच पातळ हाताने लावा. त्यात साखर घातलीत तर रंग दोन मिनिटं आधी येईल आणि तुम्ही पुन्हा फसाल.

बास्केटची भोकं हवेसाठी आहेत. स्वच्छता सोपी जावी म्हणून अख्ख्या तळावर फॉइल किंवा बटर पेपर अंथरला की खालून हवा फिरतच नाही. कागद हवाच असेल तर भोकं असलेला घ्या आणि बनाखाली झाकला जाईल एवढाच कापा. मशीन रिकामं तापवताना कागद आत ठेवू नका, पंख्याच्या झोताने तो उडून कॉइलला लागतो आणि पेटू शकतो. मला विचाराल तर कागद नकोच, जाळीला बोटाने तेल लावलं की काम होतं. केकच्या डब्यात बन ठेवले तर तळ आणखीच उशिरा होतो. दोन बनांमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवा. चार लिटरच्या बास्केटमध्ये चार बन बसतात. आठ कोंबले तर ते फुगून एकमेकांना चिकटतात आणि चिकटलेल्या बाजू कच्च्या राहतात.

एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: व्होल्टेज. संध्याकाळी घरात २३० ऐवजी २०० व्होल्टच येत असतील तर कॉइलची ताकद जवळजवळ पाऊणपट होते. दार उघडून गार बन ठेवल्यावर मशीनला पुन्हा तापायला वेळ लागतो. सकाळी जमणारे बन संध्याकाळी कच्चे राहत असतील तर आधी हे तपासा. आणि १५०० वॉटचं मशीन साडेसहा अँपिअर ओढतं, तेव्हा ते टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावू नका, १६ अँपिअरच्या प्लगलाच लावा.

पारी आणि शिवण

तळाशी कच्ची गाठ राहते त्याचं कारण हातात असतं. पारी सगळीकडे सारख्या जाडीची लाटली आणि टोकं वर गोळा करून चिमटली की तिथे पिठाचे चार-पाच थर साचतात. मग ती शिवण आपण खाली ठेवतो, म्हणजे जिथे उष्णता सगळ्यात कमी तिथे पीठ सगळ्यात जाड. पुरणपोळीचा किंवा मोदकाचा हात असणाऱ्यांना हे सांगायला नको: मध्यभाग जाड, कडा पातळ. टोकं जुळवल्यावर वर आलेला पिठाचा शेंडा तोडून टाका. ५५ ग्रॅमच्या उंड्यात ३० ग्रॅम सारण, यापेक्षा जास्त भरण्याचा मोह आवरा.

शिवण उकलण्याची कारणं वेगळी. कडेला सारणातलं तेल लागलं तर पीठ पिठाला धरत नाही. लाटताना वापरलेला कोरडा मैदा कडेला राहिला तरी तेच. बोटभर कडा कोरी ठेवा, दुधाचं बोट फिरवा, थेंब ओघळेल इतकं नको. करंजीचा आकार करत असाल तर नुसतं कातणाने कापून थांबू नका, मुरड घाला. मुरडीच्या करंजीत पीठ स्वतःवरच दुमडलं जातं, त्यामुळे आतून वाफेचा जोर आला तरी ती सुटत नाही. वाफेचा जोर हा काही बोलण्यापुरता नाही: पाण्याची वाफ झाली की तिला साधारण सोळाशेपट जागा लागते. म्हणून करंजी आणि पॅटीसला वरून सुरीने एक बारीक चीर हवीच. यीस्टच्या बनाचा पाव जाळीदार असतो, सारण कोरडं असेल तर त्याला चिरेची गरज पडत नाही.

शिवण मजबूत असूनही बन कडेने फाटत असेल तर पीठ कमी फुगलेलं आहे. वळलेल्या बनाला बोटाने हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ द्या. सावकाश भरत येऊन थोडी खूण राहिली तर मशीन तापवायला घ्या. खळगा तसाच राहिला आणि बन खाली बसला तर वेळ निघून गेली. मे महिन्यात मुंबईच्या स्वयंपाकघरात हे पंचवीस मिनिटांतही होतं, जानेवारीत नाशिकला तासही लागतो, म्हणून घड्याळावर जाऊ नका. पिठाचं प्रमाण: मैदा २५० ग्रॅम, कोमट दूध-पाणी मिळून १५० मिली, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, साखर एक चमचा, तेल किंवा लोणी २० ग्रॅम. दहा मिनिटं चांगलं तिंबा. साखर वाढवू नका, रंग घाईने येतो.

तयार पीठ वापरत असाल तर

पॅटीसची गोठवलेली तयार शीट फ्रीजमध्येच नरम होऊ द्या, ओट्यावर नाही. लोणी मऊ पडलं की पापुद्रे एकमेकांत मिसळतात आणि पॅटीस फुगत नाही. सारण गारच असलं पाहिजे, तेही याचसाठी. १७५ अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं, मधे एकदा उलटून. पंख्याने वरचे पापुद्रे उडत असतील तर अंड्याचा हात लावून कडा नीट दाबा.

फ्रोझन मलबार पराठ्यात खिमा भरून करणं हा आळशी दिवसाचा सगळ्यात चांगला मार्ग आहे. पराठा जेमतेम वाकेल इतकाच सुटू द्या, अर्ध्यात सारण भरून दुमडा, काट्याने कडा दाबा, १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं. त्यात तूप-तेल आधीच भरपूर असतं, वरून लावू नका, नाहीतर खाली साचून धूर होतो. गव्हाच्या कणकेची करंजी एअर फ्रायरमध्ये कडक होते ती मोहन कमी पडल्यामुळे. तळताना तेल मिळतं, इथे मिळत नाही. पाव किलो कणकेला चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन घाला आणि ठेवण्याआधी वरून ब्रशने तेल लावा.

अमेरिकेत डब्यातलं तयार क्रेसेंट (चंद्रकोरीच्या आकाराचे पापुद्र्याचे रोल) किंवा बिस्किटाचं (तिथलं बिस्किट म्हणजे मऊ, छोटा पाव) पीठ वापरणाऱ्यांची तक्रार मुख्यतः करपण्याची असते. त्या पिठात गोडवा आणि चरबी दोन्ही असतात. डब्यावरचा आकडा ओव्हनसाठी आहे. ३७५ फॅरनहाइट लिहिलं असेल तर ३२० वर करा, म्हणजे आपले १६० अंश, आणि मधे उलटा. चिकनसाठी ७४ म्हणजे त्यांचे १६५ फॅरनहाइट.

बाहेर काढल्यावर

गरम बन ताटात ठेवला की खालून निघणारी वाफ ताटाला लागून पाणी होते आणि तळ तेच पाणी पितो. जाळीवर ठेवा. जाळी नसेल तर बास्केटच बाहेर काढून ओट्यावर ठेवा, त्यातच पाच-सात मिनिटं राहू द्या. फडकं झाकायचं असेल तर त्यानंतर. टोकदार थर्मामीटर असेल तर बाजूने मध्यापर्यंत खुपसा. आधी शिजवून गार केलेलं सारणही मधोमध ७४ ला पोचलेलं हवं, आणि लगतचा पाव ९० च्या वर. तेवढं झालं की रंग फिकट असला तरी बन झालेला आहे.

उरलेले बन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, कडक उन्हाळ्यात तासाभरातच. तीन दिवसांपर्यंत ठीक. पुन्हा गरम करायला १५० अंशांवर चार-पाच मिनिटं, मधोमध वाफाळेपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये पाव चामट होतो आणि सारणाची ओल परत तळाला येते. जास्तीचे करायचे असतील तर पूर्ण भाजून, गार करून, एकेक सुटा फ्रीझ करा आणि मग पिशवीत भरा. फ्रीझरमधून थेट १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं.

शाळेच्या डब्यासाठी देऊ का, असं हटकून विचारलं जातं. सकाळी साडेसहाला भरलेला डबा साडेदहाला उघडतो, म्हणजे चार तास. आईस पॅकचा डबा नसेल तर तिथे बटाट्याचं सारण भरा आणि चिकनचे बन मुलं घरी आल्यावर गरम करून द्या.